लेकीला विचारणे

१२ जानेवारी

घरखर्चाच्या वहीत मनातले लिहू नये असे माझी आई सांगायची, म्हणून ही वही वेगळी काढली. गेल्या वर्षीची आहे, विमा एजंटाने दिलेली. कोरीच पडून होती. छापलेले वार जुळणार नाहीत, पण तारखेला तारीख आहे. टाकून कशाला द्यायची.

लिहायला कारण झाले. लेक काल सकाळी ड्यूटीवर गेली ती आज दुपारी उगवली, आणि बगलेत तीन जाडजूड वह्या. एक तिची, एक जिराफाची, एक चिमणीची. जिराफ म्हणजे उंच मान वाकवून दारातून आत येणारा, आणि चिमणी म्हणजे अर्धी पोळी खाऊन पोट भरले म्हणणारी. हे दोघे तिच्याबरोबर हार्टचे डॉक्टर व्हायला शिकतात. तिघांनीही तिशी ओलांडली, आधीची मोठी परीक्षा पास झाले, तरी अजून विद्यार्थीच. आणि त्यांना शिकवणारे मोठे सर एकटेच. आसपासच्या चार शहरांत हार्टचा दुसरा सरकारी डॉक्टर नाही. सर दोन वर्षांनी निवृत्त होणार.

या वह्यांत तिघांनी तीन वर्षांत केलेले प्रत्येक काम नोंदवायचे असते, हाताने, आणि पानोपानी सरांची सही. गेल्या वर्षी तपासणीला समिती आली तेव्हा अक्षरच लागले नाही म्हणून वह्या परत केल्या. मार्चात समिती पुन्हा येणार. या खेपेला पटले नाही तर शिक्षणाची मान्यता जाणार, म्हणजे या तिघांना परीक्षेला बसता येणार नाही आणि पुढे इथे कोणी शिकायलाही येणार नाही.

लेक म्हणाली, आई, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, तू नव्या वह्यांत उतरवून दे. हे पेपरातून मान न काढता म्हणाले, मॅट्रिकला अक्षराचेच मार्क मिळाले होते हिला, आता व्याजासकट वसूल होतायत.

मी हो म्हटले. देवाने हात दिलेत ते कशाला.

१५ जानेवारी

भांडी झाल्यावर खिडकीपाशी बसून चार पाने उतरवली. डॉक्टरांचे अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून सोडावी तसे, पण सवयीने लागते. रकाने आहेत: तारीख, रुग्णाचा क्रमांक, वय, पूर्वीचे दुखणे, काय केले. शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक लिहायचे. पाहिले, मदत केली, किंवा स्वतः केले.

पानाच्या तळाशी पेन्सिलने बेरीज मांडल्याशिवाय मला पान उलटवत नाही. तीस वर्षांची खोड. काही अडले तर तिथेच दोन शब्द लिहून ठेवते, मेळ बसला की रबराने साफ.

पाणी वर येत नव्हते म्हणून खालून दोन कळश्या आणल्या. जिन्यात दोनदा थांबले. थांबले की नाम घेते, म्हणजे थांबणे वाया जात नाही.

२१ जानेवारी

आज यांना विचारले, झडप अरुंद होते म्हणजे नेमके काय होते. हे पाणीपुरवठ्यात पंपावर आहेत, नळ आणि माणूस यांत फार फरक मानत नाहीत. म्हणाले, व्हॉल्व्ह पुरा उघडेना की मागे पाणी तुंबतं. पंप बिचारा जोर लावतो, धापा टाकतो, आणि पुढच्या नळाला करंगळीएवढी धार. आम्ही पाना घेऊन दोन घाव घालतो.

लेक म्हणाली, आम्ही मांडीतून तार घालून आत फुगा नेतो बाबा, आणि फुगवतो. झडप सुटी होते.

हे म्हणाले, आणि फुटला तर?

ती म्हणाली, म्हणूनच शिकावं लागतं.

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू ब्लाऊज द्यायला आल्या होत्या. माझे गाल बघून म्हणाल्या, जपाचं तेज चढलंय हो तोंडावर, लाली बघा कशी आलीय. मी आरशात पाहिले. खरेच आहे. मनात जरा बरे वाटले, मग लाज वाटली. जपाचा असा मोबदला मोजू नये.

२९ जानेवारी

लेक डबा विसरली, म्हणून घेऊन गेले. हार्टचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. ज्याचे हार्ट दुखते त्यानेच तीन मजले चढायचे, हे कोणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे.

वरच्या कॉरिडॉरमध्ये माणसेच माणसे. बाकावर जागा नाही तिथे खाली बसलेली. एका बाईने घरून उशी आणली होती, पाठीशी घेऊन भिंतीला टेकली होती. मी धापा टाकत तिच्या शेजारी टेकले. तिने सरकून जागा दिली आणि उशीचा अर्धा भागही दिला. तिचा नंबर तीनशे एकोणीस. फुगा घालून घ्यायला यादीत नाव आहे, आठ महिने झाले. मधले सात महिने फुगा घालायच्या खोलीतले, कॅथलॅबचे, यंत्रच बंद होते, एक भाग परदेशातून यायचा होता. तिने विचारले, तुमचा कितवा? मी म्हटले, मला कुठला नंबर, माझी लेक इथे डॉक्टर आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, नशीबवान आहात, तुम्हाला रांग नाही.

लेक दोन मिनिटे बाहेर आली, डबा घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाली, आई, उन्हाची कशाला आलीस. तिच्या मागे चाळीस माणसांचे डोळे होते.

६ फेब्रुवारी

जिराफाची वही झाली, चिमणीची निम्मी. एकेक गोष्ट कळते आहे. झडपेच्या रुग्णांपुढे पूर्वीच्या दुखण्याच्या रकान्यात बहुतेक एकच: लहानपणी सांधे सुजून ताप. आमच्या वेळी तो घरोघरी यायचा. मीही चौथीत असताना दोन महिने अंथरुणाला खिळले होते, गुडघे असे सुजले की आई मला कडेवर घेऊन न्हाणीत न्यायची. देवाच्या कृपेने त्यातून धडधाकट उठले.

लेक आज जेवता जेवता ताटावरच झोपली. घास हातात. मी हळूच हात धुवून दिला तरी जागी झाली नाही.

मला मात्र आडवे झाले की झोप येत नाही. दोन उशा घेतल्या की बरे वाटते. पित्त असेल.

१४ फेब्रुवारी

आज अडले.

लेकीची वही उतरवत होते. तिसऱ्या वर्षातल्या फुग्यांचे पान. नियम असा की या वर्षात प्रत्येकाने पंचवीस फुगे स्वतःच्या हाताने घातलेले असले पाहिजेत. तिच्या पानावर पंचवीस आहेत, सगळ्यांपुढे 'स्वतः केले'. पण क्रमांक लिहिताना हात थबकला. दोन हजार एकशे चार, बाई, वय एकतीस. ही बाई मी आधी लिहिली आहे. जिराफाच्या वहीत काढली, तिथे 'स्वतः केले'. चिमणीच्या वहीत, तिथेही तेच. मग पुढचा क्रमांक पाहिला, मग त्यापुढचा. पंचवीसच्या पंचवीस तेच.

एकेका माणसाची झडप तिघांनी तीनदा कशी उघडली?

पानाच्या तळाशी पेन्सिलने लिहून ठेवले: तिन्ही वह्या मिळून ७५. माणसे २५. मेळ नाही. लेकीला विचारणे.

१७ फेब्रुवारी

तीन दिवसांनी आज ती जागी अशी सापडली. केस विंचरून देते म्हणून बसवले आणि विचारले. आधी म्हणाली, आई, तू नुसतं उतरव ना. मग पाठमोरीच बोलू लागली. यंत्र सात महिने बंद. उरलेल्या पाच महिन्यांत पंचवीस माणसे झाली. नियम मात्र प्रत्येकी पंचवीसचा.

मी म्हटले, मग त्या पंचवीस झडपा केल्या कोणी?

"सरांनी."

"आणि तू?"

"तार धरली. सामान दिलं. शेजारी उभी राहिले." मग म्हणाली, "दोन केल्या. माझ्या हाताने. सरांचा हात माझ्या हातावर होता, पण केल्या मी."

मी फणी थांबवली. म्हटले, हे खोटं आहे बाळा. ती म्हणाली, हो. तिने नाही म्हटले असते, काही फिरवाफिरवी केली असती, तर मला रागावता आले असते.

ती म्हणाली, "नको लिहूस तू. मग तिघंही घरी. पुढच्या वर्षी नवीन तिघं येणार नाहीत. दोन वर्षांनी सर गेले की त्या कॉरिडॉरला कुलूप. तू बघितलीयस ना ती माणसं."

बघितली आहेत. अर्धी उशी घेऊन बसले होते मी.

संध्याकाळी यांना सांगितले. हे म्हणाले, पंपावर आम्हीही दर तासाला प्रेशर लिहितो. डुलकी लागली तर दोन तासांचं एकदम लिहितो. पाणी येतंय ना लोकांना? मी म्हटले, आणि नाही आलं तर? यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, तेव्हाच तर वही बघायला मागतात.

देवासमोर बसले. जप झाला, पण नुसता ओठांनी.

२० फेब्रुवारी

उतरवली. पंचवीसही ओळी. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले, याचेच वाईट वाटले.

२ मार्च

मोठे सर आज घरी आले. सह्या करायच्या राहिल्या होत्या आणि हॉस्पिटलात पेशंट त्यांना बसू देत नाहीत. तीन जिने चढून आले, हाशहुश नाही. वय बासष्ट. खुर्चीत बसून तिन्ही वह्यांवर पानोपानी सही करत गेले. मधे मधे बोटे झटकत होते. फुग्यांच्या पानाशी आले तेव्हा थांबले, पाणी मागितले, आणि वर न बघताच सही केली.

मी चहा ठेवला. राहवले नाही, म्हटले, सर, यांच्या हाताला जरा जास्त काम दिलं असतं तर असं लिहायची वेळ आली नसती. लेक डोळे वटारून बघत होती.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "शिकवत केलं तर एका पेशंटला सकाळ जाते. स्वतः केलं तर जेवायच्या आत दोन होतात. बाहेर चारशे बसलेत. तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी साखर पुढे केली.

मग म्हणाले, "रोज ठरवतो की उद्या शिकवीन. रोज एक असा येतो की जो उद्यापर्यंत थांबणार नाही."

समितीला दोन शिक्षक दाखवावे लागतात. सरांचे एक जुने स्नेही, ऐंशीच्या घरातले, त्या दिवसापुरते येऊन बसणार आहेत. त्यांचा पांढरा कोट माझ्याकडे बटणे लावायला आला आहे. चार बटणे, चार जातींची. यांच्या जुन्या शर्टाची काढून एकसारखी लावली. लेक म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही, पण मान फार छान हलवतात.

जाताना सर दारात थांबले आणि माझ्याकडे निरखून पाहिले. विचारले, तुम्हाला दम लागतो का? मी म्हटले, आत्ताच खालून दूध आणलं ना, म्हणून. काही ताप वगैरे, लहानपणी... असे ते म्हणत होते तोच त्यांचा फोन वाजला. फोन कानाला लावूनच जिना उतरले. बरे झाले. चारशे लोक बसलेले असताना आपण कुठे मधे घुसायचे. माझे वजन वाढले आहे, दुसरे काय.

१० मार्च

उद्या समिती. पांढरा कोट धुऊन इस्त्री करून दिला. वह्यांना जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची कव्हरे घातली. पेन्सिलीच्या खुणा खोडल्या. आवाज बसला आहे, गुळण्या केल्या. तिसरी उशी घेतली.

देवा, खोटे माझ्या नावावर मांड. पोरांच्या नको.

११ मार्च

दिवसभर फोन नाही. हे दोनदा पंपावरून विचारून गेले. पाचाच्या सुमारास तिघेही आले. जिराफ दाराच्या चौकटीला डोके आपटून आत आला आणि कपाळ चोळायचेही विसरला. मी पाणी दिले. शेवटी चिमणीने सांगितले.

सुरुवात छान झाली. कोटवाल्या आजोबांना समितीने विचारले, आठवड्याला किती तास शिकवता? त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, एकच चमचा साखर, जास्त नको. सगळे हसले, समितीही हसली. विभाग पाहिला, यंत्र पाहिले. मग वह्या.

समितीत एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी लेकीची वही उघडली आणि म्हणाल्या, इतकं देखणं अक्षर मी डॉक्टरच्या वहीत जन्मात पाहिलं नाही. दुसऱ्यांना दाखवली. इतर दोन वह्या नुसत्या चाळल्या, पण ही मात्र त्या पान पान वाचत गेल्या, नुसत्या अक्षरासाठी. वाचता वाचता थांबल्या. चष्मा वर केला, वही डोळ्यांजवळ नेली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले.

"तिन्ही वह्या मिळून पंचाहत्तर. माणसे पंचवीस. मेळ नाही. लेकीला विचारणे."

आणि म्हणाल्या, ही लेक कोण?

चिमणी इथे थांबली. जिराफाने माझ्याकडे पाठ केली, खिडकीतून बाहेर बघत राहिला. लेक म्हणाली, मी उभी राहिले आई. सांगितलं, मी.

वही त्यांनी टेबलावर ठेवली होती. मी उघडली. माझी पेन्सिल, आणि भोवती लाल शाईचे कडे.

१२ मार्च

सगळी पाने खोडली होती. मला नीट आठवते. कव्हरे घातली, रबर घेतला, एकेक पान काढून खोडत गेले. त्या पानाशी आले तेव्हाही रबर हातात होता, एवढे आठवते. मग दूध उतू गेले का, दार वाजले का, ते आठवत नाही. दूध उतू गेले असते तर शेगडीवर डाग राहिला असता. डाग नाही.

देवासमोर बसून हेच विचारले. मी विसरले की नाही विसरले? तो काही बोलत नाही. त्याला विचारायची ही जागा नसावी.

लेक मला एक शब्द बोलली नाही. वेळेवर उठली, आंघोळ केली, ड्यूटीवर गेली. टाकून बोलली असती तर बरे झाले असते.

३० मार्च

पत्र आले. नवीन विद्यार्थी घेण्यास मनाई. या तिघांचे तिसरे वर्ष धरले जाणार नाही. दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी जागा असल्यास तिथे वर्ष पुन्हा करावे. लेकीने सात ठिकाणी फोन केले. जागा कुठेच नाही. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, आमच्याकडेही दोनच शिक्षक आहेत मॅडम, त्यातला एक खरा आहे.

हे दर महिन्याला पगार आणला की पाकीट माझ्या हातात देऊन म्हणायचे, मांड तुझा मेळ. आज पाकीट नुसते कपाटात ठेवले.

१८ एप्रिल

जिराफ येऊन गेला, म्हणजे निरोप घ्यायला आला होता. परदेशात साध्या डॉक्टरची नोकरी मिळाली आहे. हार्टची नाही. मी म्हटले, माझ्यामुळे झालं रे. तो वाकून माझ्या पाया पडला, म्हणाला, "काकू, तुमच्या पेन्सिलने काय झालं. मी एकही केली नव्हती. पास झाल्यावर कुणी मला फुगा घाल म्हणून पुढे केलं असतं तर मी काय केलं असतं?" मग हसला आणि म्हणाला, तुमच्या लेकीने दोन केल्या, आमच्यात तीच सीनियर.

चिमणी आपल्या गावी दवाखाना उघडते आहे, तापाखोकल्याचा. मोठे सर गेले. शहरातल्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलने त्यांना नेले, दोन वर्षे आधीच. त्यांना तरी काय म्हणणार. विद्यार्थी नाहीत म्हणून विभागाचे पैसेही बंद झाले, यंत्राचा तो भाग पुन्हा गेला, आता कोणी मागवत नाही.

कोटवाल्या आजोबांचा कोट परत आला. बटणे काढून घेतली.

२४ एप्रिल

हॉस्पिटलात गेले होते. लेकीच्या कपाटातले सामान आणायचे होते, तिला जायचे नव्हते. तीन मजल्यांना पाच वेळा थांबले. वर कॉरिडॉर रिकामा. दाराला कुलूप, आणि कागद चिकटवलेला की हृदयविभाग तूर्त बंद, रुग्णांनी मोठ्या शहरात जावे.

बाकावर एकच बाई बसली होती. उशीवरून ओळखली. मी म्हटले, अहो, बंद आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे. पण चढून आले तर लगेच उतरवत नाही. मोठ्या शहराला गेली होती, तिथे पहिल्यापासून नवा नंबर दिला, चार आकडी. एका जागी पडूनच राहायचे तर घर काय आणि हा बाक काय.

मग म्हणाली, तुमची लेक आहे ना डॉक्टर? ती नाही का करू शकणार?

मी सामानाची पिशवी घट्ट धरली आणि म्हटले, तिला कागद मिळाला नाही. कोणामुळे, ते सांगितले नाही. तिने पुन्हा उशीचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. मला बसवेना. उतरून आले.

३ मे

सकाळी खोकताना रुमालावर गुलाबी डाग आला. जोरात खोकले की घसा फाटतो. रुमाल गार पाण्यात घातला, डाग गेला. लेकीला सांगितले नाही. ती आधीच भिंतीकडे तोंड करून असते.

६ मे

आज लेक जिन्यात भेटली. मी वर येत होते, ती खाली चालली होती. मी दुसऱ्या वळणावर कठडा धरून नाम घेत उभी होते. तिला वाटले मी तिची वाट बघते आहे. मग ती माझ्याकडे बघत राहिली. चार महिन्यांत तिने मला असे पाहिले नव्हते. कशी पाहणार, तिच्या मागे चाळीस माणसे असायची. आज मागे कोणी नव्हते.

हाताला धरून वर आणले. पलंगावर बसवले. तीन उशा पाहिल्या. हॉस्पिटलातून मी आणलेल्या पिशवीत तिची तपासायची नळी होती, ती काढली. आधी बसवून ऐकले, मग डाव्या कुशीवर वळवून. इतका वेळ ऐकत होती की मला वाटले तिला डुलकी लागली. मग पाहिले तर डोळे सताड उघडे.

"लहानपणी ताप आला होता? सांधे सुजून?"

मी म्हटले, चौथीत.

"दम कधीपासून लागतो?"

नीट सांगता येईना. म्हटले, वहीत असेल. उशांखालून ही वही काढून दिली. तिने इथेच बसून सगळी वाचली. कळश्या, जिने, उशा, काकू म्हणाल्या ते तेज, सर दारात थांबले ते, रुमाल. बारा मार्चच्या पानाशी खूप वेळ थांबली. मला वाटले आता बोलेल. तिने पान उलटले.

वाचून झाल्यावर म्हणाली, "सगळं लिहिलंयस. एकेक लक्षण, तारखेसकट. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ओळखेल."

मी म्हटले, मी तर तीन वह्या उतरवल्या आणि ओळखलं नाही.

ती म्हणाली, मीही नाही.

हे पंपावरून आले, दारातच उभे राहिले. तिने त्यांना सांगितले, बाबा, आईचा व्हॉल्व्ह. पुढे सांगावे लागले नाही. ते स्टुलावर बसले, डबा मांडीवर तसाच. मोठ्या शहराचा नंबर चार आकडी आहे आणि तिथला जिना किती मजल्यांचा आहे कोण जाणे. मोठे सर आहेत तिथे आमच्यासारख्यांना दाराशीसुद्धा उभे करत नाहीत. हे सगळे आम्हा तिघांनाही माहीत होते.

मी म्हटले, यंत्र दुरुस्त होईल कधीतरी. तूच कर माझं. दुसऱ्या कुणाचा हात नको मला.

"आई, मी दोनच केल्यात. बाकीच्या तेवीस तुझ्या अक्षरातल्या आहेत."

मी म्हटले, दोन तर खऱ्या आहेत.

तिने नळी पुन्हा कानाला लावली आणि माझ्या छातीवर ठेवून ऐकत बसली. श्वास धर म्हणाली तेव्हा धरला. सोड म्हणाली तेव्हा सोडला.